तिसरा उमेदवार आणि दुसरी पंगत

कॉव्हेंट्रीच्या आमच्या घरात अमेरिका आली ती एझ्राकाकांच्या रेडिओतून. लाल विटांच्या एका लांबलचक रांगेतलं ते घर. डावीकडची भिंत म्हाताऱ्या मिसेस बॉइडची आणि उजवीकडची मिल्स कुटुंबाची, त्यामुळे कुठल्याही बाजूला कुणी शिंकलं तरी आमच्याकडे ऐकू यायचं. सकाळ व्हायची ती मोटारीच्या कारखान्याच्या भोंग्याने. पाठोपाठ सायकलींची घरघर, मग दारात दुधाच्या बाटल्यांची किणकिण, आणि मग आईचं "नंदा, हीटरपासून लांब उभी राहा, युनिफॉर्म जळेल" हे ठरलेलं वाक्य. पॅराफिनच्या त्या हीटरचा वास आमच्या केसांना, पुस्तकांना, अगदी पोळ्यांनासुद्धा लागायचा. आज क्रॉयडनमध्ये सेंट्रल हीटिंगच्या घरात बसून हे लिहितानाही तो वास आठवला की मला आधी थंडी वाजते आणि मग त्या शरद ऋतूची आठवण येते.

एझ्रा नागावकर आमचे लॉजर. माडीवरची मागची खोली त्यांची. ते मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायली ज्यू, मुंबईत वाढलेले, आणि मराठी असं अस्खलित की बाबा म्हणायचे, "या माणसाचं मराठी ऐकलं की माझंच मला परकं वाटतं." टेक्निकल कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात एका प्रबंधात बुडालेले असत. विषय एकच: अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीतला तिसरा उमेदवार. दोन मोठ्या पक्षांच्या बाहेरून जो उभा राहतो आणि बहुधा पडतो, तो. आईला हे अजिबात कळत नसे. "भाऊजी, जो हरणारच आहे त्याच्यावर एवढा जन्म कशाला घालवायचा?" ती विचारायची. काका हसायचे आणि म्हणायचे, "वहिनी, जिंकणाऱ्यावर सगळेच लिहितात."

ते आमच्याकडे मटण खात नसत, कारण ते त्यांच्या धर्माप्रमाणे कापलेलं नसे. पण शुक्रवारी बाजारातून बांगडे आणायचे आणि आई गावाहून आलेली आमसुलं घालून त्यांचं तिखट कालवण करायची. त्या वासाने मिल्सांची हेझल कुंपणाच्या फटीतून आमच्या किचनमध्ये हजर व्हायची. हेझल माझ्याच वर्गात, माझ्याच वयाची, सोनेरी वेण्यांची, कुणाचीही हुबेहूब नक्कल करणारी. बांगडा तिला झेपत नसे, पण आईचं थालीपीठ ती लोणी थापून उभ्या उभ्या खायची आणि "आन्टी, वन मोअर" म्हणायची. आम्ही दोघी शाळेत एकत्र जायचो, एकत्र यायचो. मला बहीण नव्हती, आणि ती उणीव मला कधी जाणवली नाही ती हेझलमुळे.

ते १९६८ चं वर्ष वाईट होतं हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. वसंतात जवळच्याच मोठ्या शहरात एका पुढाऱ्याने बाहेरून आलेल्या आमच्यासारख्या लोकांविरुद्ध भाषण केलं होतं आणि नंतर लंडनमध्ये गोदीकामगार त्याच्या बाजूने रस्त्यावर उतरले होते. बाबा हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत डॉक्टर. एका संध्याकाळी ते घरी आले, कोट न काढताच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आज एक माणूस रक्ताळलेला हात छातीशी धरून बसला. म्हणाला, गोरा डॉक्टर येईपर्यंत थांबतो."  आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि बराच वेळ त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. अशा वेळी बाबांचं एकच तत्त्व असे. आपण इथे पाहुणे. मान खाली, काम चोख.

अमेरिकेतही त्या वर्षी दोन मोठी माणसं गोळ्या घालून मारली गेली होती, शहरं जळली होती, आणि अध्यक्षपदासाठी दोन पक्षांच्या दोघांबरोबर तिसरा एक जण उभा होता. दक्षिणेतल्या एका राज्याचा माजी गव्हर्नर. काळ्यांची मुलं गोऱ्यांच्या विद्यापीठात येऊ नयेत म्हणून दारात आडवा उभा राहिलेला माणूस. एझ्राकाकांच्या रेडिओवर खरखरीतून त्याच्या सभा ऐकू यायच्या. शब्द मला नीट कळायचे नाहीत, पण गर्दीचा आवाज कळायचा. आधी हशा, मग आरोळी. बाबा जिन्यातून ओरडायचे, "एझ्रा, बंद कर तो तमाशा. तो निवडून येणार आहे का?"

"नाही," काका खाली येऊन शांतपणे म्हणाले. मला तो संवाद अजून जसाच्या तसा आठवतो, कारण काकांनी टेबलावरच्या शेंगदाण्यांनी मला सगळं समजावलं होतं. "हे बघ नंदा. तिकडे एकेका राज्यात जो पुढे, त्याला त्या राज्याचे सगळे प्रतिनिधी. दुसऱ्याला काही नाही. म्हणून देशभर थोडी थोडी मतं मिळवणारा तिसरा माणूस रिकाम्या हाताने घरी जातो. पण ज्याची मतं एकाच मुलखात दाट आहेत, तो तिथली राज्यं उचलतो. आणि उरलेल्या दोघांपैकी कुणालाच निम्म्याहून जास्त प्रतिनिधी मिळाले नाहीत, तर?"

"तर त्या दोघांना याच्या दारात यावं लागेल," मी म्हणाले.

"शाबास. त्याला खुर्ची नकोच आहे. त्याला किंमत सांगायची आहे."

"आणि दोघांपैकी एकाला बहुमत मिळालं तर?" बाबांनी विचारलं.

काकांनी शेंगदाणे गोळा केले. "तरी त्याची मतं सगळ्यांनी पाहिलेली असतात ना, डॉक्टर. पुढच्या वेळी ती आपल्याकडे वळवायला कोण काय बोलेल, याची मला जास्त भीती वाटते."

आमची शाळा मुलींची, सरकारी कॉम्प्रिहेन्सिव्ह. इतिहासाला मिस प्रिचर्ड होत्या. कार्डिफहून नुकत्याच आलेल्या, तरुण, उत्साही, खडूने कायम माखलेल्या. काकांच्या संध्याकाळच्या वर्गाला त्या जायच्या, आणि तिथेच त्यांच्या डोक्यात आलं की शाळेत अमेरिकेची निवडणूक घ्यायची. प्रत्येक वर्ग म्हणजे एक राज्य. वर्गात ज्या उमेदवाराला जास्त मतं, त्या वर्गाचे सगळे प्रतिनिधी त्याचे. नियम काकांनीच बसवून दिले. बाईंना खरं तर दोनच उमेदवार हवे होते. काका म्हणाले, "तिसऱ्याला वगळलंत तर ही या वर्षाची निवडणूक राहणार नाही." ते म्हणाले त्यात चूक काहीच नव्हतं. पण पुढे ते स्वतःला त्या वाक्याबद्दल फार बोल लावत, आणि आम्ही कितीही समजावलं तरी त्यांना ते पटत नसे.

एका पक्षाची उमेदवार मी झाले. दुसऱ्या पक्षाची क्रिस्टीन, शाळेची शिस्त बघणारी प्रीफेक्ट, हेडमिस्ट्रेसबाईंची लाडकी. तिसऱ्यासाठी कुणी हात वर करेना. सगळ्या खाली बघत होत्या. मग हेझल उठली. "मी होते मिस. मला त्याचा आवाज काढता येतो." वर्ग हसला. मीही हसले.

पहिल्या सभेत तिने वडिलांची टोपी घातली आणि दक्षिणेकडचे हेल काढून असं काही बोलली की बाईंनाही हसू आवरेना. त्या भाषणात मुद्दा असा नव्हताच. दुसऱ्या सभेत मात्र तिने टोपी घातली नाही. हेलही काढले नाहीत. स्वतःच्या, आमच्या रस्त्यावरच्या आवाजात ती म्हणाली, "मला फक्त एक विचारायचंय. दुसऱ्या सिटिंगला पुडिंग का संपलेलं असतं?"

 मला सांगायला हवं की आमचं शाळेतलं जेवण दोन सिटिंगमध्ये, म्हणजे दोन पंगतींत, व्हायचं आणि शाळेच्या मागे हट, म्हणजे सुट्या लाकडी खोल्या, होत्या. पंजाबहून आणि केनियाहून नव्याने आलेल्या मुली तिथे इंग्रजी शिकायच्या. त्यांना नगरपालिकेची बस आणायची, आणि बस लवकर परतायची म्हणून त्यांचं जेवण पहिल्या सिटिंगला असे, आमच्यातल्या काहींच्या बरोबर. कुणाचा वर्ग पहिल्याला, कुणाचा दुसऱ्याला, हे दर टर्मला बदलायचं. पुडिंग संपायचं कारण ते कमी केलेलं असायचं. पण हेझलने हटचं नावही घेतलं नाही. ती एवढंच म्हणाली, "कोण आपल्या आधी जेवतं, ते सगळ्यांना माहीत आहे." आणि थांबली.

आधी मागच्या बाकांवरून हशा आला. मग टाळ्या. मग पाय आपटण्याचा आवाज. रेडिओवर जो आवाज मी खरखरीतून ऐकला होता तोच आता माझ्या पायांखालच्या फळ्यांमधून वर येत होता. मिस प्रिचर्ड उभ्या राहिल्या, काहीतरी म्हणाल्या, पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मी हेझलकडे पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती स्वतःच चकित झाल्यासारखी दिसत होती. एखाद्या पेटीवर सहज हात ठेवावा आणि आतून गाणं यावं, तसं काहीतरी.

घरी जाताना मी भरभर पुढे चालत होते. हेझल माझा हात धरून म्हणाली, "नॅन, तू रागावलीस? वेडी आहेस का! मी तुझ्याबद्दल बोलत नव्हते. तू नाहीस गं त्यांच्यातली."

घरी मी हे सांगितलं तेव्हा काकांनी एकच प्रश्न विचारला. "त्या हटमधल्या मुलींना मत आहे?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मिस प्रिचर्डना विचारलं. बाईंचा हात फळ्यावर तसाच थांबला. मतं वर्गांच्या हजेरीपटावरून, आणि हटमधल्या मुलींची नावं कुठल्याच वर्गाच्या पटावर नव्हती. "हे माझ्या लक्षातच आलं नाही," त्या म्हणाल्या. त्या हेडमिस्ट्रेसबाईंकडे गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांचे ओठ आवळलेले होते. आता नियम बदलता येणार नव्हते.

निकाल लागला तो अगदी काकांच्या शेंगदाण्यांसारखा. मी पुढे, क्रिस्टीन जवळच मागे, आणि हेझलकडे मधल्या वयाच्या मुलींचे वर्ग. एकगठ्ठा. बहुमत कुणालाच नाही. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये प्रतिनिधींनी उभं राहून शेवटचं मत द्यायचं होतं, आणि हेझल सांगेल तिकडे तिचे प्रतिनिधी जाणार होते.

ती मला क्लोकरूममध्ये भेटली. ओल्या रेनकोटांच्या रांगांमध्ये उभी राहून कुजबुजत म्हणाली, "मी माझी सगळी मतं तुला देते. तूच प्रेसिडेंट हो. मला तर तूच हवी आहेस. फक्त स्टेजवर एवढं म्हण, की हटच्या मुलींचं जेवण वेगळं, सगळ्यात शेवटी. बस्स."

"मी असं कसं म्हणू, हेझल?"

"अगं, खेळ आहे हा!"

"मग तू ती अट सोड. खेळच आहे ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. ती सोडेल असं मला एक क्षण वाटलं. मग ती म्हणाली, "आता नाही सोडता येत. त्या सगळ्या माझ्याकडे बघतायत." आणि निघून गेली. मला वाटतं, त्या दिवशी ती माझ्याइतकीच घाबरलेली होती.

क्रिस्टीनने स्टेजवर हटचं नाव काढलं नाही, वेगळं हा शब्दही वापरला नाही. ती फार सभ्य मुलगी. "जेवणाच्या वेळेची अधिक शिस्तशीर व्यवस्था," असं ती म्हणाली. हेझलने मान डोलावली. तिच्या प्रतिनिधी उठून क्रिस्टीनच्या बाजूला गेल्या. क्रिस्टीन प्रेसिडेंट झाली. हेडमिस्ट्रेसबाईंनी तिला फुलं दिली आणि तिघींनाही म्हणाल्या की लोकशाही कशी चालते हे तुम्ही छान दाखवलंत.

काही दिवसांनी खरी निवडणूक झाली. सकाळी बाबा दाढीचा साबण तसाच ठेवून रेडिओपाशी बसले होते. तिकडे एकाला सरळ बहुमत मिळालं, सौद्याची वेळच आली नाही. तिसऱ्याला दक्षिणेतली पाच राज्यं. बाबा खूश झाले. "बघ एझ्रा, तुझा माणूस हरला. संपलं प्रकरण." काकांनी रेडिओ बंद केला. "हरला," ते म्हणाले आणि टोस्टला लोणी लावत बसले. त्यांनी तो टोस्ट खाल्ला नाही. माझा नातू हल्ली दर अमेरिकन निवडणुकीला मला फोन करून विचारतो, "आजी, थर्ड कँडिडेटचे चान्सेस काय?" त्याचं मराठी मोडकं आहे, पण प्रश्न चांगला आहे. मी त्याला सांगते, तो जिंकणार नाही बाळा, तू बाकीच्या दोघांची भाषणं ऐक.

ख्रिसमसच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा असेंब्लीत हेडमिस्ट्रेसबाईंनी जाहीर केलं की या टर्मपासून जेवणाची अधिक शिस्तशीर व्यवस्था असेल. शब्द तेच. हटच्या मुलींची बस आता उशिरा परतणार होती. त्यांचं सिटिंग वेगळं, शेवटचं. हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी पाय आपटले नाहीत. सगळ्यांनी प्रार्थनेची पुस्तकं उघडली.

दुपारी मी हेझलच्या पुढे रांगेत उभी होते. जेवणावर देखरेखीला एक नवीन बाई आल्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेने, आणि म्हणाल्या, "यू आर लेटर, लव्ह. तुमच्या मुलींचं नंतर."

 माझ्या मागून हेझल मोठ्याने म्हणाली, "ती त्यांच्यातली नाही, मिस. ती आमची आहे."

बाई गोंधळल्या, माझ्याकडे नीट पाहिलं आणि "सॉरी, डिअर" म्हणून बाजूला झाल्या. वाट मोकळी होती. हेझल माझ्याकडे बघून हसत होती. तिने मला वाचवलं होतं आणि तिला मनापासून आनंद झाला होता. मी हातातला ट्रे परत ढिगावर ठेवला आणि रांगेतून बाहेर पडले. का, ते मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं की त्या वाक्याच्या आधाराने मला ते जेवण गिळता येणार नाही. व्हरांड्यात हटच्या मुली भिंतीला टेकून वाट बघत उभ्या होत्या. मी त्यांच्या शेवटी जाऊन उभी राहिले.

संध्याकाळी घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "तुला त्या बाईंनी आत सोडलं होतं ना? मग गुपचूप जेवायचं. उगाच नजरेत कशाला यायचं?"

आई कणीक मळत होती. तिचा हात थांबला. "वेगळी पंगत बसवली म्हणजे काय, ते मला विचारा," ती म्हणाली. बाबांशी त्या आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "आमच्या घरी गड्यांची पंगत अंगणात बसायची. सगळ्यांची उठल्यावर. मी वाढायला जायचे. वरून टाकायचं, भांडं लागू द्यायचं नाही, असं आजीने शिकवलं होतं. ती माणसं वर बघायची नाहीत. पोर त्या पंगतीत जाऊन बसली, त्यात तिचं काय चुकलं? तुम्ही उद्या शाळेत जाणार आहात की मी जाऊ?"

एझ्राकाका जिन्यात उभे होते. ते वळून आपल्या खोलीत गेले.

बाबा गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगला सूट घालून, मला बरोबर घेऊन. हेडमिस्ट्रेसबाईंनी चहा मागवला. बाबांनी अगदी हळू, अगदी सभ्य इंग्रजीत विचारलं, की ही व्यवस्था कशासाठी. बाई ओशाळल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. "डॉक्टर, नंदाला यात काहीच अडचण येणार नाही. ती हवं त्या सिटिंगला जेवू शकते. आणि खरं सांगू, हे आम्ही लादलेलं नाही. मुलींनीच निवडणुकीत ही इच्छा व्यक्त केली."

बाबा म्हणाले, "पण ती इच्छा मांडणारी मुलगी हरली होती."

"हो, हरली ना," बाई कपात साखर ढवळत म्हणाल्या. "म्हणून तर सगळं किती शांतपणे पार पडलं."

बाबांनी चहाचा कप न पिता खाली ठेवला. गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली लावली, पण इंजिन सुरू केलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते समोरच्या काचेवर साचलेल्या दवाकडे बघत राहिले. मान खाली, काम चोख, एवढ्यावर त्यांनी या देशात आमचं घर उभं केलं होतं. मग ते म्हणाले, "तू काल जेवायला जिथे बसलीस तिथेच बस."

ती व्यवस्था मी शाळा सोडेपर्यंत चालली. मिस प्रिचर्ड वर्षअखेरीला कार्डिफला परत गेल्या. एझ्राकाकांचा प्रबंध पुरा झाला, पण तो छापायला त्यांनी कधीच दिला नाही. हेझल आणि मी रस्त्यात भेटलो की हॅलो म्हणायचो, आणि ती कुंपणाच्या फटीतून परत कधी आली नाही. मी बोलावलंही नाही. आई मात्र तव्यावरचं पहिलं थालीपीठ उतरवलं की अजूनही एकदा त्या बाजूला बघायची.

बाबा शाळेत आले त्या दिवशी मी गाडीतून उतरून वर्गात परत गेले, आणि दुपारी शेवटच्या सिटिंगला. हॉलमध्ये टेबलं पुसून झाली होती, ओल्या फडक्याचा वास येत होता, आणि भांडी घासणाऱ्या बायका आमचं कधी आटोपतं याची वाट बघत होत्या. मनजीत नावाची एक उंच मुलगी बाकाच्या टोकाला बसली होती. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि मला पंजाबी. तिने माझ्याकडे पाहिलं, ती सरकली, आणि तिच्यामागे अख्खा बाक सरकला. मी बसले. बटाटे गार झाले होते. आम्ही जेवलो.